कापूस आठव

"मॅडम, एकच गेम हिला सहाशेला, तिला नऊशेला आणि मला अडीच हजाराला काहून?"

प्रश्न खरं तर मुस्कानचा होता. तो विचारून दाखवण्याची पैज वर्गातल्या प्रांजलने लावली होती, आणि पैजेला कोथिंबीर भरलेली सांबारवडी होती. पण शाळेच्या भरल्या सभागृहात उभी राहिली ती चैताली झाडे, इयत्ता अकरावी. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही या मुलीचा आवाज घशातच बसायचा. मग स्नेहसंमेलनाच्या दिवशी निवेदन करणाऱ्या मुलीला गालगुंड झालं, माइक ऐनवेळी चैतालीच्या हातात आला, आणि तेव्हापासून तो तिच्या हातून सुटला असं काही कुणाला वाटत नव्हतं.

सभागृहात हशा पिकला. मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. मंचावर 'डोळस' कंपनीच्या केतकी मॅडम नव्या गेमची ओळख करून द्यायला आल्या होत्या. त्या मात्र हसल्या.

"छान प्रश्न," त्या म्हणाल्या. प्रश्न छान नसला की माणसं ज्या आवाजात म्हणतात, त्याच आवाजात. "किंमत आम्ही ठरवतच नाही. तुमचे डोळे ठरवतात."

हिंगणघाटात तोवर घरोघर डोळस चष्मा झाला होता. त्याआधी इथलं इंटरनेट म्हणजे उन्हाळ्यातला नळ. आलं की भरून घ्यायचं, गेलं की वाट बघायची. आणि गेम म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला लाडू. परदेशी कंपन्या तिकडची किंमत तशीच्या तशी रुपयांत फिरवायच्या. एका गेमच्या पैशांत घरचा महिन्याचा किराणा यायचा. मग विकत कोण घेतो? पोरं चोरून उतरवायची, नाहीतर कुणाकडे तरी खेळायला जाऊन तासनतास मागे उभी राहायची. डोळसने हा खेळच उलटा मांडला. चष्मा जवळजवळ फुकट, चष्मा घेतला की इंटरनेटची लाईन पूर्ण फुकट, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या पाण्याच्या टाकीवर कंपनीचा टॉवर, आणि कशालाही छापील किंमत नाही. आधी फक्त गेम होते. पुढे चष्मा घालून कुठेही बघा, दिसली ती वस्तू ओळखून चष्मा तिच्या हप्त्याचा भाव सांगू लागला. चपला, सायकली, पंखे.

भाव निघायचा तो असा. डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका असतो, ज्याला आपण बाहुली म्हणतो, ते खरं तर आत उजेड घेणारं भोक. उजेड फार झाला की ते बारीक होतं, अंधारात मोठं होतं. पण ते आणखी एका कारणाने मोठं होतं: हवंसं काही दिसलं की. हे छातीतल्या धडधडीसारखं आहे, आपल्याला विचारून होत नाही. चष्म्याच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे दोन कॅमेरे होते. डोळ्यावर किती उजेड पडतोय ते मोजायचं, तेवढ्या उजेडात बाहुली केवढी असायला हवी ते काढायचं, आणि खरी बाहुली त्याहून जेवढी मोठी, तेवढी तुमची ओढ. ओढ जास्त तर भाव जास्त. ओढच नसेल तर तोच गेम एकोणीस रुपयांत. त्याखाली कंपनी उतरत नसे.

"ज्याला फारसं नकोय त्याला स्वस्त," केतकी मॅडम म्हणाल्या, "आणि ज्याला मनापासून हवंय, तो थोडं जास्त द्यायला तयार असतोच. यात अन्याय कुठे आहे?"

"म्हणजे ज्याला पाहिजे, त्यालाच मार," चैताली म्हणाली.

"झाडे, खाली बस!" मुख्याध्यापक गरजले.

बाहेर आल्यावर प्रांजलने निकाल दिला. "चैते, तुझे डोळे फितूर आहेत. त्यांना कोर्टात उभं केलं पाहिजे."

"आधी सांबारवडी," चैताली म्हणाली.

प्रांजलचं काही चुकलं नव्हतं. चैतालीला सगळंच हवंसं वाटायचं. सांबारवडी, पाऊस, दुसऱ्याची पेन्सिल, कुणाच्याही लग्नातला बँड. त्यातून हा नवा गेम, 'तळ'. समुद्राच्या बुडाशी उतरायचं, बुडालेली गावं शोधायची. चैतालीने आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे वणा नदी, तीही पुरातली. 'तळ'ची जाहिरात नुसती डोळ्यांसमोर आली तरी तिच्या बाहुल्या ताटल्या व्हायच्या आणि कोपऱ्यातला आकडा अडीच हजारांवर जाऊन बसायचा. मुस्कान शेख ही तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. तिला तो सहाशेला, कारण मुस्कानला गेममध्ये फारसा रस नव्हता. तिला नर्स व्हायचं होतं.

"मी घेते माझ्या नावावर आणि तुला देते," मुस्कान म्हणाली होती. पण चष्मा बुबुळ ओळखायचा. ज्याचा गेम त्याच्याच डोळ्यांना दिसायचा.

*

चैतालीच्या आईला, वनिताबाईंना, गल्लीत एक मान होता. लग्न ठरलं की देवाच्या खालोखाल आमंत्रण त्यांना, आणि तेही लग्नाआधी, बस्ता फाडायच्या दिवशी. लग्नाची सगळी कापडं एकाच दुकानात, एकाच बैठकीत घ्यायची. नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत. अशा वेळी घासाघीस करणारं माणूस पक्कं लागतं.

त्या रविवारी प्रांजलच्या मावशीचा बस्ता होता. चैताली मुद्दाम सोबत गेली.

"वनिताबाई, तुम्ही आल्या की मला आधी पाणी प्यावं लागते," गादीवरचे शेठ म्हणाले.

"मलाबी पाजा. ऊन काय आहे बाहेर!"

नवरीला पसंत पडला होता तो जांभळा शालू. तो पहिल्याच गठ्ठ्यात निघाला होता आणि आईने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने हिरव्याला हात लावला. पिवळ्याचा भाव विचारला. लाल उजेडात नेऊन त्याच्या काठाला नावं ठेवली. मग सगळ्या बायकांना उठवलं, चपला घातल्या, आणि उंबऱ्यातून मागे वळून म्हणाली, "तो कोपऱ्यातला जांभळा कितीला देता? काही नाही, पाहुण्यांच्या आहेरात खपून जाईल."

शेठला कळत होतं. तरी शालू निम्म्या भावात गेला.

परतीच्या वाटेवर चैताली म्हणाली, "आई, मला शिकव."

"शिकवायचं काय त्यात? पसंत पडलेल्या वस्तूकडे पाहायचंच नाही. डोळ्यात आलं की भावात आलं."

"तुला कोणता रंग आवडते?"

"जो स्वस्तात भेटते तो."

"तसं नाही गं. असा, मनातून."

आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "आता नाही आठवत, माय." आणि पुढच्या दुकानात कोथिंबिरीचा भाव विचारायला वळली.

चष्म्यापुढे आईची युक्ती चालेना. मान फिरवली तरी बाहुली मान कुठे ऐकते? चैतालीने गंभीर चेहरा करून पाहिला, जांभई देऊन पाहिली, पाढे म्हणून पाहिले. पाढ्यांनी तर भाव आणखी चढला, कारण डोक्याला ताण पडला तरी बाहुली मोठी होते. हे तिला नंतर कळलं.

सापडलं ते जिनिंगच्या आवारात.

हंगाम होता. शाळा सकाळचीच, कारण दहानंतर ऊन अंगावर घेण्यासारखं उरलेलं नव्हतं. घरी यायला जवळची वाट जिनिंगमधून, आणि तिथे मोकळ्या आवारात कापसाचे ढीग. दोन-दोन मजली. भर उन्हात तो पांढरा रंग डोळ्यांत अक्षरशः शिरतो. डोळे मिटले तरी पापणीच्या आत पांढरंच. चैताली तशीच दिपलेल्या डोळ्यांनी घरी आली, पंख्याखाली बसली, चष्मा लावला. समोर 'तळ'. अडीच हजार. ती अजून त्या ढिगाऱ्याचाच विचार करत होती. दोन हजार. चौदाशे. ती दचकली, आणि आकडा पुन्हा चढला.

मग तिने नीट, शास्त्राच्या तासाला करतात तसा, प्रयोग केला. डोळे गेमवर ठेवायचे आणि मनात तो ढीग आणायचा. त्यावरचं ऊन, त्याची झळ, आपोआप आकसणारा चेहरा. सहाशे. तीनशे. एकोणीस.

डोळसच्या यंत्रात कच्चा दुवा नेमका हाच होता. लख्ख उजेड नुसता आठवला तरी बाहुली बारीक होते. मेंदू आठवणीतल्या सूर्यापासूनही डोळा वाचवतो. खोलीतला उजेड यंत्राला मोजता येत होता, वजा करता येत होता. आठवणीतला उजेड त्याला वजा करता येत नव्हता.

*

महिन्याभरात ही गोष्ट शाळेत पसरली, शाळेतून गल्ल्यांत, गल्ल्यांतून बाजारात. चैतालीने मधल्या सुट्टीत वर्गच घेतले. "ढीग आणा डोळ्यांसमोर. आणला? आता ऊन टाका त्याच्यावर. प्रांजल, हसू नको, आकडा चढून रायला तुझा!" ज्यांना जमायचं नाही त्यांना ती जिनिंगमध्ये भर दुपारी नेऊन उभी करायची. गावाला एक शब्दच मिळाला. भाजीवालीने भाव जास्त सांगितला की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या: कापूस आठव. मुलगी बघायला आलेला इंजिनिअर पोह्यांवरून नजर न उचलता बसला, तर मुलीची आजी म्हणाली, हा कापूस आठवून रायला वाटते.

सगळं गाव एकोणीस रुपयांत खेळू लागलं. वनिताबाईंना लेकीचा अभिमान वाटला. चैतालीच्या बाबांना, म्हणजे प्रमोद झाडे केबलवाल्यांना, काय वाटावं ते कळेना. ते डोळसचे गावातले एजंट होते, भावावर त्यांचं कमिशन होतं.

"घरातच चोर निघाला," ते जेवताना म्हणाले आणि चैतालीच्या ताटात स्वतःच्या हाताने तूप वाढलं.

'तळ' चैतालीने पहिल्याच दिवशी घेतला होता. ती समुद्राच्या बुडाशी गेली. पाणी निळं होतं. गाव बुडालेलं होतं. तिने आठवडाभरात तो संपवला, आणि संपला तेव्हा पुढे काय करायचं ते तिला सुचलं नाही. दुसरा गेम घेतला. तोही एकोणीसला.

एका संध्याकाळी मुस्कान धावत आली. दारातच चपला उडवल्या.

"झालं माझं! नागपूरच्या नर्सिंगच्या तयारीच्या बॅचमध्ये नंबर लागला. फी माफ! रोज सातला ऑनलाइन क्लास!"

"अरे वा," चैताली म्हणाली. "मस्तच."

मुस्कान तिच्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "तू कापूस आठवून रायली काय?"

"नाही गं! खरंच मस्त आहे."

"मंग तोंड असं काहून?"

"कसं?"

मुस्कानला ते सांगता आलं नाही. ती चहा न घेता गेली. तिला जे दिसलं, ते दोन माणसं समोरासमोर बोलताना नेहमीच बघतात आणि त्यांना पत्ता नसतो. एकाची बाहुली मोठी झाली की समोरच्याचीही तिच्याबरोबर मोठी होते. तान्हं मूल आईच्या डोळ्यांत हेच शोधतं. मुस्कान बारा वर्षं चैतालीच्या डोळ्यांत आपला आनंद दुप्पट होताना बघत आली होती. त्या दिवशी तिथे दोन बारीक काळे ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे.

चैताली खोटं बोलली नव्हती. तिने कापूस आठवला नव्हता. आता तो आपोआपच येत होता.

*

मग लाईन अडखळू लागली.

आधी संध्याकाळी, मग दुपारीही. चित्र थबकायचं, आवाज पुढे पळायचा. बाबांचा फोन सकाळपासून वाजू लागला. त्यांनी कंपनीला कळवलं, कंपनीने तपासलं आणि उत्तर आलं: बिघाड काही नाही. यंत्राने टॉवरची ताकद ओढीच्या मापाने वाटली आहे. जिथे लोकांना काही हवं आहे तिथे जास्त, जिथे नको आहे तिथे कमी. यंत्राच्या मते हिंगणघाटला कशाचीच इच्छा उरलेली नव्हती. इथला वाटा शेजारच्या वरोऱ्याकडे वळवला होता, आणि हंगाम संपला की टॉवर उतरवायचा विचार होता.

"लाखभर वस्तीचं गाव," बाबा म्हणाले, "आणि कागदावर सगळे संन्यासी."

मुस्कानचा क्लास रोज सातला लागायचा आणि सव्वासातला गोठायचा. तिसऱ्या दिवशी ती चैतालीला शाळेच्या फाटकात भेटली.

"सरांनी हाडांची नावं सांगितली. मला खांद्यापर्यंत आली. बाकीचा माणूस अडकला."

"मी बाबांना सांगते."

"बाबा काय करतील? तुझ्या कापसापायी झालं हे." आणि थोडं थांबून, "तुला वाईटबी वाटून नाही रायलं ना?"

चैतालीने स्वतःला चाचपून पाहिलं. वाईट वाटायला हवं, एवढं तिला कळत होतं.

केतकी मॅडम स्वतः घरी आल्या तो दिवस शुक्रवार. आईने चहा ठेवला. मॅडमनी टीपॉयवर एक छापील कागद ठेवला, आणि आईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती पंख्याकडे बघत राहिली.

"आमच्या यंत्राला खरा थंडपणा आणि आणलेला थंडपणा यात फरक करता येत नाही," मॅडम सरळ म्हणाल्या. "तो शिकवायला असे डोळे हवेत, ज्यांना हे सगळ्यांत चांगलं जमतं. सगळे तुमच्या मुलीचं नाव घेतात. सुट्टीत ती पुण्याला आमच्या प्रयोगशाळेत येईल, राहायची सोय आमची. यंत्र एकदा शिकलं की टॉवर इथेच राहील, लाईन पूर्ण ताकदीने. झाडेसाहेबांची एजन्सी पक्की. आणि चैतालीला आमचं सगळं कायमचं फुकट."

"आणि बाकीच्या पोट्ट्यांचे भाव?" आईने पंख्यालाच विचारलं.

"ते ज्याच्या-त्याच्या डोळ्यांप्रमाणे. पूर्वी होते तसे."

"बिस्कीट घ्या," आई म्हणाली.

सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. मॅडम गेल्यावर बाबा हिशोबाची वही काढून बसले. टॉवर गेला तर त्यांच्या हातात फक्त शिडी उरणार होती. आई सवयीने कपबशा विसळत होती. आणि चैताली गच्चीवर जाऊन बसली, कारण एवढा मोठा प्रश्न समोर आणि आपल्याला काय हवंय हेच तिला समजेना. पुण्याला जायचंय? नाही जायचं? आतून काही हलेच ना.

शेवटी तिने चष्मा लावला. निदान त्याला तरी माहीत असेल. रस्त्यावरच्या लाल सायकलकडे पाहिलं: एकोणीस. समोरच्या घरातल्या सतारीकडे: एकोणीस. 'तळ'चा दुसरा भाग आला होता, त्यात म्हणे देवमासे होते: एकोणीस. तिने मुद्दाम ढीग मनाबाहेर ढकलला, अंधार आठवला, वणेचा पूर आठवला. एकोणीस. सगळं जग एकोणीस रुपयांचं होऊन बसलं होतं.

आणि तिला आईचा जांभळा शालू आठवला. जो आईचा नव्हताच. आणि आईचं ते 'आता नाही आठवत, माय.'

*

शनिवारी शाळा सुटल्यावर बाबा शिडी आणि हत्यारांची पिशवी घेऊन फाटकात उभे दिसले.

"चल. तुझ्या मैत्रिणीलाबी बोलव. एक जण आत लागते मला."

शाळेच्या जिन्याखाली एक अंधारी खोली होती. तिथे फुटके फळे आणि गणपतीचं मखर ठेवत. दहा-बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेत शाळेपर्यंत इंटरनेटची काचेची तार आली होती. फीत कापली, फोटो निघाले, पेढे वाटले, आणि मग डोळसचा फुकटचा चष्मा आला तेव्हा ती तार कुणाला आठवली नाही. तिचं वेटोळं त्या खोलीत खिळ्याला टांगलेलं होतं. बाबांना ते माहीत होतं, कारण खिळा त्यांनीच ठोकला होता.

"हवेतून नाही, जमिनीखालून येते ही," बाबांनी वेटोळं सोडत सांगितलं. आतून निघाला केसाएवढा काचेचा धागा. "याच्यातून उजेड पळते. दिसते तसाच, पण कोणाला किती पाहिजे ते नाही विचारत. जेवढा घातला तेवढा निघते. फक्त अखंड पाहिजे, आणि ही मधे कुठं तरी उंदरांनी खाल्ली आहे. जुन्या टेलिफोन ऑफिसात सरकारी इंटरनेट अजून येते, तिथून मी आधी लाल लाईट सोडतो. तू हे टोक धर. लाईट आली तं सांग. आणि डोळ्यात घेऊ नको बरं, तळहातावर घे."

बाबा गेले. दोघी अंधारात मखरातल्या मोरांशेजारी बसल्या. फोन चालू होता.

"सोडली. आली काय?"

"नाही."

मुस्कानने विचारलं, "आली तं माझा क्लास होईल?"

"हो, बाबा म्हणतात."

"आणि तू पुण्याला जाशील?"

"माहीत नाही," चैताली म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

बाबा एकेका चौकातलं झाकण उघडत, तुटलेलं जोडत शाळेच्या दिशेने सरकत होते आणि दर जोडाला परत जाऊन लाईट सोडत होते. आली काय? नाही. आता? नाही. मुस्कान पेंगायला लागली. चैतालीचा हात अवघडला. नगरपालिकेच्या नळाशेजारच्या झाकणाखाली बाबांना उंदराचं घरटंच सापडलं. त्यांनी फोनवर उंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग बराच वेळ नुसता त्यांच्या श्वासाचा आवाज.

"आता बघ."

चैतालीच्या तळहातावर एक लाल ठिपका उमटला.

केवढा? मेंदीच्या टिंबाएवढा. गरम नाही, गार नाही. गावाच्या त्या टोकाला बाबांनी बटण दाबलं होतं, आणि ते बटण बाजाराखालून, नाल्याखालून, बसस्टँडखालून तिच्या हातात येऊन बसलं होतं. तिने बोट हलवलं तर ठिपका बोटावर चढला.

"आलाऽऽऽ!"

ती अशी किंचाळली की मुस्कानने मखर पाडलं आणि पलीकडून बाबा ओरडले, "अवं, पडलो असतो ना मी!"

"बाबा, आला! लाल आहे! हातावर आहे! बाबा, पुन्हा बंद करा, पुन्हा सोडा!"

बाबांनी बंद केला, सोडला. ती पुन्हा ओरडली. मुस्कान आता ठिपक्याकडे नाही, तिच्याकडे बघत होती.

"चैते. तुझे डोळे बघ."

"अंधारात असतातच मोठे."

"अंधारात माझेबी आहेत. तुझे पोळीएवढे झाले." आणि मुस्कान हसायला लागली, तिचेही तसेच होत गेले.

चैतालीने कपाळावर सरकवलेला चष्मा खाली ओढला आणि तळहाताकडे पाहिलं. कोपऱ्यातलं ओढीचं माप थेट वर जाऊन टेकलं. यंत्र थोडा वेळ खटपट करत राहिलं. मग आकड्याच्या जागी अक्षरं आली: ही वस्तू आमच्याकडे विक्रीस नाही.

त्या संध्याकाळी सातला मुस्कान जिन्याखाली बाकावर बसली, आणि सरांचा अख्खा माणूस पायाच्या बोटांपर्यंत न अडकता आला.

*

रविवारी दुपारी वरण-भात होता. आई वाढत होती. बाबांचे हात अजून खरचटलेले होते. मधे टीपॉयवर केतकी मॅडमचा कागद तसाच होता, त्यावर कुणीतरी लोणच्याची बरणी ठेवली होती.

"मला काही सांगायचं आहे," चैताली म्हणाली, आणि जेवताना बोलायचं नसतं म्हणून उठून उभी राहिली. "मी पुण्याला नाही जात."

बाबांचा घास हातात राहिला.

"सुट्टीत मी तुमच्याबरोबर तार ओढणार. शाळेपासून गल्लीत, गल्लीतून घराघरांत. सगळ्यांना एकच दर. गरज कमी असो की जास्त, डोळ्यात बघायचं नाही. मला जोडायला शिकायचं आहे, झाकणं उघडायला, शिडीवर चढायला. आणि बारावीनंतर त्याचंच शिकणार, उजेडाचं. मॅडमला मी स्वतः सांगते उद्या."

"एजन्सी जाईल, चैतू," बाबा हळूच म्हणाले. "टॉवर गेला अन् आपली तार नाही चालली, तं काय करशील?"

"मंग शिडी आहे ना."

बाबांनी घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. "पोट्टी उंचीला घाबरत नाही, हे तं मी लहानपणीच पाहिलं होतं," ते म्हणाले. त्यांच्याकडून तो होकार होता.

आई मात्र पळी हातात धरून उभी होती. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. अशी सरळ, न चुकवता, जसं तिने दुकानात कधी कशाकडे पाहिलं नव्हतं.

"फुकट येते ते सोडून देते अन् हे मागते," ती म्हणाली. "आणि मागते तरी कशी! डोळे बघ केवढे केले. चैतू, माय, असं उघड उघड पाहिजे म्हणू नये कोणासमोर. भाव वाढते."

"वाढू दे, आई," चैताली म्हणाली.